क्लँडनचा मार्बल हॉल परत बांधायला हवा

२०१३ च्या जुलैत आई-आप्पा आमच्याकडे वोकिंगला आले होते तेव्हा एका रविवारी त्यांना क्लँडन पार्क हे अठराव्या शतकातलं मोठं घर बघायला नेलं. गिल्डफर्डजवळ, आमच्यापासून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटं. आप्पा म्हणजे माझे वडील, वाईकडचे गवंडी, पन्नासेक वर्षं हातात थापी, त्यातली पहिली पंधरा-वीस वर्षं तर निव्वळ चुन्याच्या कामात, जुने वाडे, देवळांचे ओटे, घाटाच्या पायऱ्या असलं सगळं. घर बाहेरून बघून ते काही बोलले नाहीत. लाल विटांचा मोठा चौकोनी ठोकळा, सरळ ओळीत खिडक्या, मधे थोडं दगडाचं काम, बाहेरून तसं रुक्षच. पण पुढच्या दारातून आत पाऊल टाकलं की बोळ नाही, जिना नाही, एकदम मार्बल हॉल. चाळीस फूट लांब, चाळीस फूट रुंद, चाळीस फूट उंच. दोन मजल्यांची उंची एकाच खोलीत आणि सगळं पांढरं.

आप्पा मधोमध उभे राहिले आणि मान वर केली. छताच्या मधल्या गोलात ग्रीक पुराणातले हर्क्युलिस आणि ऑम्फली, आणि कडेला, जिथं भिंत संपून छत वळायला लागतं तिथं कॉर्निसवर माणसं बसलेली, त्यांचे पाय कॉर्निसवरून खाली लोंबणारे, भिंतीपासून सुटे, हवेत. तिथल्या एका व्हॉलंटियर आजींनी छत बघायला छोटा आरसा दिला, मान दुखू नये म्हणून. आप्पांनी तो घेतला, हातात धरला, पण मान काही खाली केली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हे साच्यातलं न्हवं. ओल्या मालात हातानं केलंय. त्यो पाय बघ, आत लोखंडाची काडी आसंल, पर वरचं मांस हातानं चढवलंय, एकेक थर वाळू देत." मग मला म्हणाले, "इचार त्यांस्नी, मालात केस कशाचं घालायचे?" आजींना माहीत नव्हतं, पण त्यांनी वहीत प्रश्न लिहून घेतला.

२९ एप्रिल २०१५ ला दुपारी त्या घराला आग लागली. तळघरातल्या कपाटात असलेल्या इलेक्ट्रिक डिस्ट्रिब्युशन बोर्डात मुळातच दोष होता, तिथं सुरू झाली, लिफ्टच्या पोकळीतून वर चढली आणि छपरापर्यंत पोचली. फायर ब्रिगेडची माणसं आणि घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे लोक मिळून जे हाताला लागेल ते हिरवळीवर आणून ठेवत होते, गालिचे, खुर्च्या, पोर्ट्रेट्स, पण आग थांबली तेव्हा बाहेरच्या भिंती उभ्या आणि आत जवळजवळ सगळं खाली बसलेलं. मजले गेले, छप्पर गेलं, मार्बल हॉलचं छत खाली आलं. स्पीकर्स पार्लर नावाची एक खोली तेवढी बरीचशी वाचली.

आता त्या घराचं काय करायचं यावर इतकी वर्षं वाद चाललाय आणि त्यात मला जे वाटतं ते सरळ सांगतो. मार्बल हॉल परत बांधायला हवा. सगळं घर नाही, वरच्या झोपायच्या खोल्या, त्यांचे वॉलपेपर वगैरे सोडून द्या, पण तो चाळीस फुटी हॉल, त्याचं छत, त्याचा गिलावा परत व्हायला हवा, आणि नॅशनल ट्रस्टनं आधी जवळपास हेच करायचं ठरवलं होतं.

२०१६ च्या जानेवारीत ट्रस्टनं जाहीर केलं की तळमजल्यावरच्या मुख्य खोल्या, म्हणजे मार्बल हॉल, सलून (मोठा दिवाणखाना) वगैरे, मूळच्यासारख्या करायच्या आणि वरचे मजले नव्या पद्धतीनं, प्रदर्शनं-कार्यक्रमांसाठी. २०१७ ला आर्किटेक्ट्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, अ‍ॅलीज अँड मॉरिसन ही फर्म निवडली गेली. इन्शुरन्सचे सहा कोटी पौंडांच्या वर पैसे आले होते. आम्ही इथले लोक वाट बघत होतो. आणि २०२२ च्या जुलैत ट्रस्टनं भूमिका बदलली. आतलं परत करायचं नाही, भिंती आहेत तशा विटांच्या उघड्या ठेवायच्या, छप्पर घालायचं, छपरावर लोकांना फिरता येईल अशी जागा करायची, आतल्या पोकळीत चालायचे पूल, आणि घर बांधतात कसं हे लोकांना उघडं करून दाखवायचं. स्पीकर्स पार्लर तेवढं नीट करायचं.

ही कल्पना मला कळते आणि तिच्यात दम नाही असं मी म्हणणार नाही. आगीनंतर काही वर्षांनी ठरावीक दिवशी आत सोडत होते तेव्हा मी गेलो होतो, डोक्यावर हेल्मेट, सगळीकडे परांच्या. भिंतीवर एकावर एक तीन शेकोट्या लटकलेल्या, मधले मजलेच नाहीत. विटांच्या भिंतीत ठरावीक अंतरावर लाकडाचे ठोकळे बसवलेले दिसत होते, पॅनेलिंगचे खिळे धरायला, त्यांची टोकं कोळसा झालेली. खिडक्यांवर विटांच्या कमानी, ज्या तीनशे वर्षं गिलाव्याखाली होत्या आणि कुणी पाहिल्याच नव्हत्या. एका ठिकाणी जुन्या तुळईची टोकं भिंतीत तशीच. मी तासभर फिरलो आणि खूप शिकलो, फोटो काढून आप्पांना पाठवले, त्यांनी प्रत्येक फोटोवर फोन करून विचारलं की वीट केवढी आहे, सांधा केवढा आहे. तेव्हा जे लोक म्हणतात की हे उघडं घर बघण्यासारखं आहे, ते खोटं बोलत नाहीत.

पण मार्बल हॉलच्या जागी उभा राहिलो आणि तिथं काहीच कळेना. चाळीस फूट म्हणजे केवढं हे कळायला वर छत लागतं. वर आभाळ किंवा तात्पुरत्या छपराचे पत्रे असले की ती खोली राहत नाही, ती विटांची विहीर होते. राइसब्रॅक या शिल्पकारानं केलेल्या संगमरवरी शेकोट्यांवरची कोरीव कामं, एकीवर रोमन देव बॅकस आणि एकीवर देवी डायना, ती आगीत बऱ्यापैकी टिकली, जागच्या जागी होती, आणि त्यांच्या आजूबाजूला काळवंडलेली वीट. लग्नातला शालू गोठ्यात वाळत घातल्यासारखं दिसत होतं ते.

इथं हे घर कशा प्रकारचं आहे ते सांगायला पाहिजे कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. हे घर दुसरा बॅरन ऑन्स्लो, थॉमस, यानं १७२० च्या दशकात बांधायला घेतलं आणि बांधणारा आर्किटेक्ट होता जाकोमो लिओनी, व्हेनिसचा माणूस. हा लिओनी कशासाठी प्रसिद्ध, तर पॅलाडिओ या इटालियन आर्किटेक्टच्या आर्किटेक्चरवरच्या चार पुस्तकांची पहिली पूर्ण इंग्रजी आवृत्ती त्यानं काढली, १७१५ पासून पुढची काही वर्षं ती छापली जात होती. पॅलाडिओ त्याच्या दीडशे वर्षं आधीचा, त्याचं पुस्तक १५७० चं, आणि त्यातलं मुख्य सूत्र म्हणजे खोलीचं सौंदर्य नक्षीत नाही, प्रमाणात आहे. लांबीचं रुंदीशी नातं काय, दोघांचं उंचीशी काय. सगळ्यात पूर्ण खोली म्हणजे घन. ग्रीनिचच्या क्वीन्स हाउसमधला हॉल चाळीस फुटांचा घन आहे. विल्टन हाउसमधे साठ बाय तीस बाय तीसचा दुहेरी घन आहे. नॉरफोकमधलं हाउटन हॉल, रॉबर्ट वॉलपोलचं घर, त्यातला स्टोन हॉल परत चाळीस फुटी घन, आणि तिथलं छतही आर्तारी या गिलाव्याच्या कारागिराचं आणि शेकोटी राइसब्रॅकची, म्हणजे क्लँडनवर काम केलेलीच माणसं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधे तर पन्नास-साठ वर्षं बरेच मोठे लोक एका पुस्तकातून, एकाच मोजमापाच्या शिस्तीतून घरं बांधत होते.

आता अशा घराचा खरेपणा कशात? मध्ययुगीन चर्चचा खरेपणा त्याच्या दगडात आहे हे मला मान्य, तिथं प्रत्येक दगड कुणीतरी ठरवून वेगळा घडवलेला असतो, पिढ्यान्‌पिढ्या भर पडलेली असते, त्याची नक्कल केली तर ती नक्कलच. पण पॅलाडियन घर कागदावर जन्माला येतं. माप, आकृती, प्रमाण. त्यासाठी मला सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं ते डर्बिशरमधल्या केडलस्टन हॉलचं, लॉर्ड कर्झनचं घर. कर्झन म्हटलं की आपल्याला १९०५ ची बंगालची फाळणी आठवते, पण त्याच्या शंभर वर्षं आधी गव्हर्नर जनरल वेल्स्ली कलकत्त्यात गव्हर्नमेंट हाउस बांधत होता आणि चार्ल्स वायट नावाच्या इंजिनिअरनं त्यासाठी केडलस्टनचाच आराखडा घेतला. १८०३ ला ते पूर्ण झालं, पुढं कलकत्त्याचं राजभवन म्हणून ओळखलं गेलं ते. कर्झन व्हाइसरॉय होऊन तिथं राहायला गेला तेव्हा लहानपणीच्या घराच्या आराखड्यात राहायला गेला. डर्बिशरहून आराखडा निघाला, हुगळीकाठी दुसरी माती, दुसरी वीट, दुसरे गवंडी, तरी त्या इमारतीला कुणी खोटी म्हणत नाही. मग क्लँडनचाच हॉल क्लँडनच्याच भिंतींत, त्याच मापानं, त्याच शेकोट्यांभोवती परत उभा केला तर तो खोटा कसा?

यावर समोरून जो मुद्दा येतो तो जड आहे आणि मी त्याला टाळणार नाही. माप परत करता येतं हो, पण छत? आर्तारीचं छत हातानं केलेलं होतं. आर्तारी, बागुत्ती ही स्वित्झर्लंडच्या इटालियन भागातली, लुगानोच्या बाजूच्या खेड्यांतली घराणी, बाप-मुलगा-पुतण्या असे टोळीनं युरोपभर फिरून काम करणारे. तो पाय ज्यानं वळवला तो हात गेला. आता कुणी केला तर तो दुसऱ्याचा हात, दुसऱ्याचा पाय. हे खरंय. आप्पांनी वीस मिनिटं मान वर करून जे पाहिलं ते परत येणार नाही, मला त्याचं खरोखर वाईट वाटतं आणि ट्रस्टच्या लोकांनाही वाटत असणार.

पण मग मी विचार करतो की आप्पांनी २०१३ ला नेमकं काय पाहिलं? १९५६ ला घर ट्रस्टकडे आलं, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटाला जॉन फाउलर या डेकोरेटरनं ते सगळं नव्यानं रंगवलं-सजवलं, मार्बल हॉलसकट. आम्ही जो पांढरा पाहिला, म्हणजे नुसता एक पांढरा नाही, चार-पाच जातीचे पांढरे एकमेकांशेजारी, तो फाउलरच्या हाताखाली लागलेला पांढरा होता. पहिल्या महायुद्धात तर इथं सैनिकांचं हॉस्पिटल होतं. म्हणजे जे "मूळ" म्हणून आपण डोळे भरून पाहतो ते कुणी ना कुणी पन्नास वर्षांपूर्वी नीट केलेलंच असतं. चुन्याच्या घराला तर हे जास्तच लागू. आप्पा म्हणायचे, चुन्याचा वाडा आणि दुभतं जनावर, दोघांकडे रोज बघावं लागतं. दर पावसाळ्यानंतर फुगवटा आलेला गिलावा ठोकून काढायचा, परत भरायचा. वाड्यातला कुठला थर पहिला हे विचारणाराला ते वेड्यात काढत.

आणि हात गेला तर नवा हात तयार होतो, हेही इथं घडून गेलेलं आहे. वेस्ट ससेक्समधलं अपपार्क, हेही नॅशनल ट्रस्टचंच घर, सतराव्या शतकाच्या शेवटचं. ३० ऑगस्ट १९८९ ला छपरावर शिशाचं काम चाललं होतं, कामगाराच्या ब्लोटॉर्चनं आग लागली, काम संपायला थोडेच दिवस उरले असताना. तेव्हाही असाच वाद झाला, पाडा, तसंच ठेवा, बांधा. ट्रस्टनं ठरवलं की आगीच्या आदल्या दिवशी जसं होतं तसं करायचं. राख-मातीचा सगळा ढिगारा चाळला, हजारो डब्यांत भरून, तुकडे शोधले, गिलाव्याच्या नक्षीचा एक कोपरा सापडला की त्यावरून बाकीचं. आणि गंमत म्हणजे तेव्हा इंग्लंडमधे ओल्या चुन्यात हातानं नक्षी उभी करणारा माणूस जवळजवळ उरला नव्हता, साचे आणि जिप्सम सगळीकडे. त्या कामासाठी लोक परत शिकले, चुकत-माकत, किती केस घालायचे, किती वेळात माल धरतो, सगळं पहिल्यापासून. १९९५ ला घर लोकांसाठी उघडलं. मी तिथं दोनदा गेलोय. कुठला भाग जुना आणि कुठला नवा हे शोधायचा प्रयत्न केला, काही ठिकाणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि ते छत बघताना मला फसवल्यासारखं कधी वाटलं नाही, उलट हे चार-पाच वर्षांत माणसांनी केलंय या विचारानं छाती भरून आली.

क्लँडनच्या वेळी ट्रस्टचं म्हणणं असं की अपपार्कमधे बरंच सामान, बराच मूळ भाग वाचला होता, इथं फार गेलं. बरोबर आहे, म्हणूनच मी सगळं घर म्हणत नाही. मी एक खोली म्हणतोय.

विंडसर कॅसलला २० नोव्हेंबर १९९२ ला आग लागली, तिथंही त्यांनी असाच निवडक विचार केला, काही खोल्या होत्या तशा, आणि सेंट जॉर्जेस हॉलला मात्र जुन्या छताची नक्कल न करता ओल्या ओकच्या लाकडाचं नवं छत, तेही आजच्या सुतारांनी जुन्या पद्धतीनं सांधे जुळवून. यॉर्कशरमधल्या कासल हॉवर्डचा घुमट १९४० च्या आगीत गेला, तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला परत बांधला. आज कासल हॉवर्डचा कुठलाही फोटो बघा, घुमट आहेच. त्या घुमटाशिवाय ते घर अर्धं. तिथला जो भाग जळून तसाच पडला होता त्यातली एक खोली तर पंचाऐंशी वर्षांनी, २०२५ ला पूर्ण झाली.

मग पडकं ठेवलेलंही काही आहे का? आहे की. वुस्टरशरमधलं विटली कोर्ट, १९३७ ला जळलं, मग मालकानं सोडलं, लोकांनी जे काढता येईल ते काढून नेलं, आता इंग्लिश हेरिटेज सांभाळतं. सुंदर आहे, संध्याकाळी त्या रिकाम्या खिडक्यांतून ऊन येतं ते बघत बसावं असं. पण ते अवशेष झालं ते दुर्लक्षामुळे, पैसे नव्हते म्हणून. क्लँडनला पैसे आहेत, भिंती आहेत, शेकोट्या आहेत, ढिगाऱ्यातून वेचून ठेवलेले गिलाव्याचे तुकडे आहेत, फोटो आहेत. एवढं सगळं हाताशी असून अवशेष ठरवून करायचा, त्यात पूल आणि जिने बसवायचे, हे मला पटत नाही. शिवाय एकदा ते पूल त्या पोकळीत बसले की पुढच्या पिढीनं मनात आणलं तरी हॉल करणं अवघड होऊन बसणार, कासल हॉवर्डसारखं पंचाऐंशी वर्षांनी कुणी सुरू करायचं म्हटलं तर आधी ते सगळं काढावं लागेल.

जुन्या इमारती जपण्याच्या चळवळीचा आधार बरेच जण घेतात, लेखक-डिझायनर विल्यम मॉरिसनं १८७७ ला जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी सोसायटी काढली तिचा. रिस्टोअर करू नका, रक्षण करा, असं त्यांचं म्हणणं. मला मॉरिसबद्दल खूप आदर आहे. पण त्या सोसायटीला लोक लाडानं काय म्हणायचे? अँटी-स्क्रेप. म्हणजे खरवडण्याच्या विरोधात. कारण त्या काळचे चर्च सुधारणारे लोक भिंतीवरचा जुना गिलावा खरवडून खालचा दगड उघडा करायचे, त्यांना वाटायचं दगड म्हणजे खरं आणि गिलावा म्हणजे वरवरचं. मॉरिस त्याच्याविरुद्ध उभा राहिला. गिलावा हा इमारतीचा भागच आहे, ते तिचं कातडं आहे. आता क्लँडनची वीट बघा. ती वीट कुणी कधी बघावी म्हणून लावलेलीच नव्हती, ओबडधोबड आहे, सांधे भरलेले आहेत कसेतरी, कारण वर गिलावा येणार हे गवंड्याला माहीत होतं. ती उघडी ठेवणं म्हणजे आगीनं जे खरवडलं ते आपण कायम करून टाकणं. आप्पांना मी आतल्या विटांचा फोटो दाखवला तेव्हा ते पहिलं हेच म्हणाले, "ह्यो मानूस बघ किती बिनघोर हाय, त्याला म्हाईत हाय झाकणार."

आता एक प्रश्न मला आपल्या लोकांकडून नेहमी येतो. इथल्या मराठी मित्रांत हा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, त्यांच्या लॉर्डांची घरं, लुटीच्या पैशाची, जळली तर जळली, तुला काय पडलंय. हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही कारण त्यात तथ्य आहे. थॉमस ऑन्स्लोची बायको एलिझाबेथ नाइट ही जमेकातल्या उसाच्या मळ्यांच्या इस्टेटीची वारसदार होती. त्या मळ्यांवर राबणारी माणसं गुलाम होती. तो पैसा या घरात आला. याच घराण्यातले तीन जण पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्सचे स्पीकर झाले, त्यातला आर्थर ऑन्स्लो तर १७२८ ते १७६१ सलग तेहतीस वर्षं. बागेत हिनेमिही नावाचं माओरी लोकांचं सभागृह उभारलेलं होतं, ते न्यूझीलंडमधे १८८६ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात लोकांनी ज्यात आसरा घेतला ते, याच घराण्यातल्या चौथ्या अर्लनं, तिथला गव्हर्नर असताना, पन्नास पौंडांना विकत घेऊन इकडे आणलं. त्याची मूळची लाकडी कोरीव कामं आता न्यूझीलंडला परत द्यायचं ठरलंय आणि ते अगदी योग्य ठरलंय.

पण म्हणूनच मला हॉल हवाय. उघड्या विटा बघून कुणाला जमेका आठवणार? वीट गरीब दिसते. वीट, कोळसा झालेलं लाकूड, रिकाम्या खिडक्या, हे बघून माणसाला घराची दया येते, घराण्याचीही येते. त्या मळ्यांच्या पैशाचं काय झालं हे दाखवायचं तर ते चाळीस फुटी पांढरं छतच दाखवावं लागेल, त्याच्याखाली माणसाला उभं करावं लागेल, मान वर करून त्याचा श्वास अडकू द्यावा लागेल आणि मग सांगावं लागेल की हे कशातून आलं. आणि त्याच वेळी हेही सांगावं लागेल की हे केलं कुणी. लॉर्डानं नाही केलं. लुगानोच्या खेड्यातून आलेल्या टोळीनं केलं, परांचीवर उलटं झोपून, ओला माल हातावर घेऊन. माझ्या बापाला त्या खोलीत लॉर्ड दिसला नाही, त्याला कारागीर दिसला, चाळीस फूट खालून, भाषा येत नसताना, आणि एका मिनिटात ओळख पटली. ते छत गेलं तेव्हा लॉर्डाचं काही गेलं नाही, घर तर १९५६ पासूनच लोकांचं होतं. गेलं ते आर्तारीचं.

खर्चाचं म्हणाल तर, ट्रस्टकडे गळकी छपरं असलेली शेकडो घरं आहेत, तिकडे पैसे लावा असं म्हणणारे आहेत, आणि मला हे म्हणणं समजतं. पण क्लँडनचा इन्शुरन्स क्लँडनसाठी आला. आणि पुलांची, छपरावरच्या गच्चीची योजनाही काही फुकट होणार नाही, तोही कोट्यवधींचाच खर्च. प्रश्न खर्च करायचा की नाही हा नाहीच, कशावर करायचा हा आहे. लोखंडी पुलांवर करायचा की चुन्यावर आणि चुना लावणाऱ्या पोरापोरींवर. अपपार्कला शिकलेली माणसं आता साठी-सत्तरीत असतील. ती आहेत तोवर त्यांच्या हाताखाली पंचवीस जणांना उभं करता येईल, एकदा ती गेली की परत पहिल्यापासून, परत माल किती वेळात धरतो इथून.

मला विचाराल तर एकदम सगळं छत करायला घेऊ नका. एक कोपरा घ्या. कॉर्निसवरचा एक माणूस, त्याचा एक लोंबता पाय, आणि लोकांसमोर करा, परांचीला पायऱ्या लावा, शाळेची मुलं वर चढून बघू देत, माल कालवताना बघू देत. दहा वर्षं लागली तर दहा लागू देत, हॉल करत असतानाही तो हॉल बघायला लोक येतील, अपपार्कचा ढिगारा चाळताना जसं कौतुक झालं तसं. आणि नवा केलेला भाग नवा आहे हे लपवायची गरज नाही, मागच्या बाजूला वर्ष कोरून ठेवा, करणाराचं नावही कोरा.

आप्पा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, थापी सुटून बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी त्यांना ट्रस्टची नवी चित्रं दाखवली, ते पूल, त्या गच्चीवर उभी असलेली माणसं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, मग विचारलं, "तो पायवाला हॉल कुठाय?" मी म्हटलं तो नाही करणार म्हणतायत. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "केसाचं कळलं का त्या बाईस्नी?" मला मधल्या काळात कळलं होतं, ते मी सांगितलं, जनावरांचे केस, शेळीचे, गाईचे, घोड्याचे. ते म्हणाले, शेळीचे चांगले, बारीक असतात, पण दोन बोटांपेक्षा लांब घ्यायचे नाहीत, गोळा होतो, आणि आधी धुऊन घ्यायला सांग त्यांना, तेलकट केसाला चुना धरत नाही.